एक प्रश्न मागे

नाना गेले त्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. सांगलीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर त्यांच्या खाटेशी उभे राहून त्यांना प्रश्न विचारत होते. म्हाताऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, हे पाहायची ती रीत. नाव विचारून झालं, सकाळ आहे की संध्याकाळ ते विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, महिना कोणता चालू आहे?" नानांनी डोळे उघडले. डॉक्टरांकडे न बघता ते माझ्याकडे बघत म्हणाले, "रताळं." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, "ते शुद्धीवर आहेत डॉक्टर, माझी चेष्टा करताहेत." त्यांना ते खरं वाटलं नसावं. मला मात्र हसू आलं, आणि हसता हसता उठून बाहेरच्या व्हरांड्यात जावं लागलं. नाना म्हणजे माझे काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना जाऊन आता महिना होईल. संध्याकाळी माझ्या खिडकीखालून शेंगांची हातगाडी जाते, भाजल्या शेंगांचा वास वर येतो, आणि मग वाचायला घेतलेलं पुस्तक मिटून ठेवावं लागतं. तेव्हा ते एक वर्ष लिहून ठेवावं म्हणते. त्या वर्षी आमचं घर एकत्र राहणार की फुटणार, हे एका उत्तरावर येऊन थांबलं होतं.

आमचं गाव रहिमतपूरच्या जवळ. घर साधंच, पुढं पत्र्याची ओसरी, मागं परसात शेवग्याचं झाड आणि गोठा. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते सातवी पास होते, आणि त्या काळी आमच्या भावकीत ते शिक्षण भरपूर समजलं जाई. किराणा ज्या वर्तमानपत्रात बांधून यायचा तो कागद ते कधी फेकू देत नसत. मांडीवर घालून, सुरकुत्या हातानं सरळ करून, तेलाच्या डागापलीकडची अक्षरंसुद्धा वाचून काढत. मिळवलेलं ते ज्ञान कार्तिकात बाहेर पडायचं. कार्तिकात भुईमूग निघे. उपटलेल्या वेलांचे ढीग ओसरीवर येऊन पडत आणि दिवेलागणीला सगळं घर त्यांच्याभोवती शेंगा तोडायला बसे. मातीचा ओला वास, शेंगा तुटताना होणारा बारीक टक् टक् आवाज, परसात पेटवलेल्या पाचोळ्यात भाजणाऱ्या शेंगांचा खमंग धूर. हात चालू राहावेत आणि झोप येऊ नये म्हणून आबा प्रश्न घालत. उत्तर बरोबर आलं तर भाजल्या शेंगांची मूठ मिळे, चुकलं तर पुढ्यात आणखी एक वेल पडे.

प्रश्न कसले कसले असत. शरद ऋतूचे महिने कोणते? कृष्णा आणि वेण्णा कुठं मिळतात? शेंग मातीखाली लागते, मग ती मूळ की फळ? मिरची नव्हती तेव्हा आपल्याकडं तिखटाला काय घालत? शेंगदाणा आणि मिरची ही दोन्ही समुद्रापलीकडून, अमेरिकेच्या मुलखातून आली, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचण्याआधी ओसरीवर ऐकलं होतं. आईला ते कधी पटलं नाही. "मग अमेरिकेत काय चटणी न्हाई म्हणून रडत व्हत्या का बाया, सगळी हिकडं धाडली ती?" असं ती विचारायची. नाना तर अभ्यास न करता परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. एकदा आबांनी विचारलं होतं, "मातीखाली येतं आन् खरोखर मूळच असतं, असं खायचं एक सांग." नाना म्हणाले, "रताळं." आयुष्यातलं त्यांचं ते एकमेव बरोबर उत्तर. तेव्हापासून ते कुठल्याही प्रश्नाला तेच देत. साताऱ्याच्या किल्ल्याचं नाव? रताळं. प्रतापगडाची लढाई कुठल्या महिन्यात झाली? रताळं. "आरं, मग वेल वाढतोय तुझ्या म्होरं," आबा म्हणत. "वाढू दे की दादा. एकदा लागलंय, परत कवातरी लागंलच." त्यांच्या पुढ्यातला ढीग नेहमी सगळ्यात मोठा असायचा, आणि तो सगळ्यात आधी संपायचा. त्यांच्या हाताला तशी चपळाई होती.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे ते दुष्काळ सरल्यानंतरचं पहिलं भरल्या कणसांचं वर्ष. बाजरी माणसाच्या डोक्यावर गेली होती. दिवाळीच्या पाडव्याला बैल धुऊन आबा विहिरीवरून परत येत होते. वाटेत ते बसले आणि त्यांना उठताच येईना. अंगावरून वारं गेलं होतं. साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून परत आले तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालत होते, डाव्या हातानं जेवत होते, माणसं ओळखत होते. बोलणं मात्र बिघडलं होतं. बोलायचे, शब्द स्वच्छ यायचे, पण ते भलतेच. आईनं पाणी हवं का विचारलं तर बैलाचं नाव सांगत. शेजारीपाजारी भेटायला येत आणि चहा पिऊन, एकमेकांकडे न बघता निघून जात.

शेंगा थांबत नाहीत. वेल घरी आले होते, म्हणून आम्ही ओसरीवर बसलो. आबा भिंतीला टेकून, पुढ्यात एक वेल घेऊन, डाव्या हातानं एकेक शेंग तोडत होते. ती शांतता मला सोसेना. जसं ते विचारत तसं मीच विचारलं, "आबा, साताऱ्याच्या किल्ल्याचं नाव काय?" त्यांचा जबडा हलला. काहीतरी पुटपुटले, मला ते समजलं नाही. तेवढ्यात नाना रानातून आले. डोक्यावरचा भारा उतरवून ते आबांसमोर उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं म्हणाले, "दादा, म्हयना कुठला चाललाय सांग बघू."

आबा म्हणाले, "अजिंक्यतारा."

नानांनी थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं. ते उठले, आणि आईला म्हणाले, "वयनी, म्या राबाय मागं सरत न्हाई. पर बाजारात, चावडीत, सोसायटीत धन्याला तोंड लागतं. दादाच्या नावावर मी किती बोलायचं, आन् लोकांनी किती हसायचं? बाजरीची रास हाय म्होरल्या आठवड्यात. रीतीपरमानं धन्यानं मोजायची. दादानं मोजली तर मी शब्द काढणार न्हाई. न्हाई जमलं, तर संक्रांतीच्या आत वाटणी. तुमचं तुमी, आमचं आमी."

"भावजी, जित्या माणसाला असं जागेवरनं उठवू नगा," आई म्हणाली.

"उठवत न्हाई. बसतोय का ते बघतोय," नाना म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

वाटणी झाली असती तर आमच्या वाट्याला जमीन आली असती, एक बैल आला असता, आणि ती कसायला घरात उरली असती आई, शाळेत जाणारी मी आणि आबा. डोळे पुसून आई आबांच्या समोर बसली आणि तिनं विचारलं, "जेवाय वाढू का?" आबा म्हणाले, "कार्तिक."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. कार्तिक. महिना कार्तिकच होता. नानांनी महिना विचारला होता. त्याआधी मी किल्ला विचारला होता, आणि किल्ल्याचं नाव नानांना मिळालं होतं. मी पुढं सरकले. "आबा, कृष्णेचा उगम कुठं?" ते म्हणाले, "व्हय." हे आईच्या जेवणाचं उत्तर. "शेंगा कुठल्या मुलखातनं आल्या?" "म्हाबळेसर." "प्रतापगडाची लढाई कुठल्या महिन्यात झाली?" "अमेरिका." "आबा, तुम्हाला भूक लागली का?" "मार्गशीर्ष," आबा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमच्या आधीपासून त्यांना हे समजत होतं. सगळी उत्तरं त्यांच्याजवळ होती. प्रत्येक उत्तर दारापर्यंत यायचं आणि पुढच्या प्रश्नानं ढकलल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, एवढंच. पुढं शहरात शिकत असताना मी या आजाराबद्दल जाड जाड पुस्तकांत शोधलं. नेमकं असं वर्णन मला कुठं सापडलं नाही. असेलही कुठंतरी. मला आता त्याची गरज वाटत नाही.

मी धावत नानांना सांगायला निघाले तर आईनं माझा दंड धरला. "सांगू नगंस. आज सांगितलं की उद्या चावडीवर. धनी एक परश्न मागं हाय म्हणत्याल. पोरं वाटंत अडवून खेळ करत्याल त्येंचा." तिनं स्वतःपुरता मार्ग लगेच काढला. त्या दिवसापासून ती आबांना प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. "पाणी देऊ? पाणी देऊ?" दुसऱ्या खेपेला पहिल्याचं उत्तर येई आणि काम भागे. मला आणखी एक सापडलं. रांगेतल्या गोष्टी अडत नसत. बेचा पाढा मी सुरू करून दिला की पुढं आबा तो न थांबता म्हणत, आरतीही म्हणत. अडत होती ती सुरुवात. आणि खळ्यावर नेमकी सुरुवातच महत्त्वाची होती.

खळ्यावरची आमची रीत अशी. मळून, उफणून झालं की धान्याची रास करायची, तिच्याभोवती राखेचं कडं ओढायचं, नारळ वाढवायचा. मग घरधनी पूर्वेला तोंड करून राशीपाशी बसे. दुसऱ्यानं माप भरून वर धरायचं आणि म्हणायचं, "भरलं, धनी." धन्यानं पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं, आणि माप पोत्यात पडायचं. पुढं दोन, तीन, चार. मापाला हात लागल्यापासून 'लाभ' होईपर्यंत खळ्यावर कुणी ब्र काढायचा नाही, आणि 'न्हाई', 'सरलं', 'रिकामं' हे शब्द तर खळ्याच्या आसपाससुद्धा नकोत. बायामाणसांनी राखेच्या कड्यापाशी जायचं नाही, कडब्याच्या गंजीपाशी उभं राहायचं. आता ही रीत कुणाला सांगितली तर ती गंमत म्हणून ऐकतात. त्या सकाळी ती गंमत नव्हती.

आईनं कडेगावहून मामाला बोलावून घेतलं होतं, आपल्या बाजूचं एक माणूस असावं म्हणून. मामा पलटणीतून पेन्शनवर आलेला, मनानं मऊ, आवाजानं तोफ. त्यालाही आईनं काही सांगितलं नव्हतं. आबांचा हात माझ्या खांद्यावर होता. खळ्याच्या अलीकडं बाभळीपाशी आम्ही थांबलो. आईनं नुकतंच त्यांना "बसायचं का?" म्हणून विचारलं होतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आबा, रास मोजताना पयल्या मापाला काय म्हणायचं?" ते म्हणाले, "न्हाई." हे बसण्याचं उत्तर बाहेर पडलं आणि आत 'लाभ' येऊन उभा राहिला. आता त्यांना कुणी काही विचारू नये, एवढंच हवं होतं. नानांचं "भरलं, धनी" ऐकलं की तो बाहेर पडणार. आबांनाही ते माहीत असावं. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात एकदा घट्ट झाला आणि सुटला. नाना पुढं येऊन त्यांना घेऊन गेले.

भावकीतली माणसं जमली होती. आबांना घोंगड्यावर बसवलं. नारळ वाढवला गेला. नाना मापासाठी वाकणार, तेवढ्यात मामाचा आवाज खळ्यावर घुमला, "दाजी, ऊन लागतंय का? मुंडासं दिऊ का माजं?"

आबांनी मान वळवली. थांबवायचा प्रयत्न केला असावा, कारण ओठ आवळलेले मला इतक्या लांबून दिसले. पण तो शब्द बाहेर आलाच. "लाभ."

मामा बावरला. कुणीतरी हसलं. "आरं, अजून माप बी भरलं न्हवतं, लाभ झाला बी!" नानांनी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो खाली बघायला लागला. मग नाना वाकले आणि त्यांचा हात मापाला लागला. आता बोलायची बंदी. आबांना ऊन लागत नव्हतं. ते बाभळीच्या सावलीत बसले होते. म्हणजे आता त्यांच्या ओठांवर 'न्हाई' येऊन थांबलं होतं. नाना माप वर धरून "भरलं, धनी" म्हणतील आणि भरल्या राशीवर, भावकीसमोर, माझे वडील पहिला शब्द बोलतील तो 'न्हाई'. दुष्काळानंतरच्या पहिल्या राशीवर. आईला ते माझ्याआधी समजलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. बाजरी मापात पडतानाचा खसखसाट सगळीकडे ऐकू येत होता, इतकी शांतता होती. माप भरलं. काठाच्या वर दाण्यांची शीग चढली. नानांनी ते दोन्ही हातांनी उचललं.

मी ओरडले, "आबा, पयल्या मापाला काय म्हणायचं?"

सगळी तोंडं कडब्याकडे वळली. पोरीची जात, आणि खळ्यावर, आणि माप हातात असताना! त्या वळलेल्या तोंडांमागून आबांचा आवाज आला, स्वच्छ, "न्हाई."

एक म्हातारे चुलते कपाळाला हात लावून मटकन खाली बसले. नानांच्या हातातलं माप अधांतरी होतं. त्यांनी ते पोत्यात ओतलं असतं तर निकाल लागला होता. 'न्हाई' म्हणून मोजलेली रास आणि ती मोजणारा धनी, दोन्ही त्या क्षणाला बाद झाले असते, आणि कुणी नानांना दोष दिला नसता. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, घाईही नव्हती. शेंगा तोडताना अवघड गाठ आली की ते हात थांबवून तिच्याकडे बघत, तसे ते बघत होते. मग त्यांनी माप राशीवर परत ओतलं.

"शीग ढासळली," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. "माप झालंच न्हवतं. पुन्यांदा भरतो."

त्यांनी तळहातानं रास सारखी केली. पुन्हा माप भरलं, सावकाश, पुन्हा शीग चढवली, वर धरलं. "भरलं, धनी" म्हणायचं सोडून ते आबांच्या जवळ झुकले आणि म्हणाले, "दादा, मोजू का?"

"लाभ," आबा म्हणाले.

माप पोत्यात पडलं. नानांनी दुसरं भरलं आणि वर धरून गप्प राहिले, काही विचारलं नाही, काही बोलले नाहीत. "दोन," आबा म्हणाले. पाढा सुरू झाला होता. तीन, चार, पाच. आवाज चढत गेला, ओसरीवर प्रश्न घालताना असायचा तसा झाला. मामा डोळे पुसत होता आणि आपण काय केलं होतं हे त्याला अजून समजलं नव्हतं. आई कडब्याच्या गंजीला पाठ लावून खाली बसली. पोती शिवून होईपर्यंत आबांना कुणी काही विचारलं नाही. वाटेनं परततानाही नाही आणि घरी आल्यावरही नाही.

संध्याकाळी नव्या बाजरीच्या भाकरी झाल्या, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत झालं, वर कांद्याची पात. भावकीतली माणसं जेवून गेली होती. आबा आणि नाना शेवटी समोरासमोर बसले. नानांनी सकाळपासून आईशी किंवा माझ्याशी एक शब्दही काढला नव्हता, त्यामुळे वाटणीचं काय ते आम्हाला समजत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. आबांचं ताट रिकामं झालेलं पाहून आईनं टोपलीतली भाकरी उचलली.

"वाढू का?"

आबांनी वर पाहिलं, पण आईकडे नाही. समोर बसलेल्या भावाकडे पाहून ते शांतपणे म्हणाले, "मोज."

नानांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी घास ताटात ठेवला, खांद्यावरचं उपरणं घेऊन तोंडावरून फिरवलं, आणि ते तिथून काढायला त्यांना जरा वेळ लागला.

"मोजली, दादा," ते म्हणाले. "सगळी मोजली."

मग आईकडे वळले. "वयनी, आता परत इचारा."

आईनं परत विचारलं, "वाढू का?"

"व्हय," आबा म्हणाले.